तोतया वसुलीदाराचा दूरध्वनी

शेती आणि कर्ज यांची सांगड फार जुनी आहे. पैसा लागतो तो पेरणीच्या वेळी आणि हाती येतो तो सुगीनंतर. उसासारख्या पिकात तर हे अंतर वर्ष-दीड वर्षाचे होते. मधला काळ कर्जानेच भरून निघतो. त्यामुळे सोसायटीचे पीककर्ज, बँकेचे किसान क्रेडिट कार्ड, ट्रॅक्टरचा हप्ता, बचत गटाची उचल यांपैकी काही ना काही जवळजवळ प्रत्येक कुटुंबाच्या नावे असतेच. कर्ज आहे तेथे वसुली असणार, हे कोणी शेतकरी नाकारीत नाही. परंतु अलीकडे या वसुलीचे सोंग घेतलेला एक निराळाच इसम गावोगाव पोहोचला आहे. तो वेशीतून येत नाही, चावडीवर बसत नाही, त्याचे तोंड कोणी पाहिलेले नसते. तो मोबाइलमधून बोलतो, दरडावतो आणि तासाभरात पैसे घेऊन नाहीसा होतो.

हा विषय पिकावरील कीडरोगाचा नव्हे, तरी शेतकी पत्रिकेत त्यास जागा देण्यास सबळ कारण आहे. खत-बियाण्यासाठी बाजूला काढलेली रक्कम ऐन मृगाच्या तोंडावर अशा दूरध्वनीपायी गेली, तर सुधारित वाणाचा आणि बीजप्रक्रियेचा सल्ला कोरडाच राहतो. शिवाय पैशांपेक्षाही मोठी हानी घरातील माणसाच्या मनाची होते. म्हणून या तोतयाची रीत कशी असते, खऱ्या वसुलीहून ती कशी ओळखावी, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने अशा वेळी काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

त्याची रीत

समजा, जून महिन्याचा पहिला आठवडा आहे. शेतकरी वखराची पाळी संपवून बांधावर टेकला आहे. तेवढ्यात अनोळखी क्रमांकावरून दूरध्वनी येतो.

“अमुक बँकेच्या वसुली विभागातून बोलतोय. तुमच्या नावावर ४७,३०० रुपये थकले आहेत. केस कोर्टात गेली, वॉरंट निघाले. पोलीस पाठवू का आत्ता?”

“साहेब, माझे कर्ज सोसायटीचे आहे. तुमच्या बँकेत माझे खातेसुद्धा नाही.”

“मग जामीन कोणाला राहिला होतात? नीट आठवा.”

“चुलतभावाच्या ट्रॅक्टरला सही दिली होती खरी.”

“तेच ते. आज चारच्या आत १८,००० भरा, फाइल बंद करतो. एवढी सवलत माझ्या अधिकारात आहे. फोन ठेवू नका आणि कोणाला सांगू नका, नाहीतर सवलत जाईल.”

हे संभाषण नमुन्यादाखल रचले आहे. परंतु त्याचा सांगाडा बहुतेक ठिकाणी हाच असतो, मग बोलणारा मराठीत बोलो वा हिंदीत. यातील एकेक वाक्य निवडून पाहण्याजोगे आहे. रकमेचा आकडा मुद्दाम वेडावाकडा सांगितला जातो, कारण ४७,३०० म्हटले म्हणजे तो खतावणीतून वाचल्यासारखा वाटतो. ट्रॅक्टरचे नाव बोलणाऱ्याने काढलेच नव्हते. ते शेतकऱ्याने स्वतःहून सांगितले, आणि पुढच्याच वाक्यात ते पुराव्यासारखे त्याच्यावर उलटले. पोलिसांचे भय आधी व सवलतीचे गाजर मागून, हा क्रमही ठरलेला असतो. पण सर्वांत महत्त्वाचे शेवटचे वाक्य होय. ‘फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका’ असे खरा वसुली अधिकारी कधीही म्हणत नाही. त्याला उलट चार माणसे साक्षीला असली तर हवीच असतात. माणसास एकटे पाडल्यावाचून तोतयाचे काम साधत नाही, म्हणून त्याचा सर्व भर तेथेच असतो.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला होता, हे मराठी वाचकास ठाऊकच आहे. नाव मोठे असले की माणूस पारखण्याचे राहून जाते. बँकेच्या, न्यायालयाच्या आणि पोलीस खात्याच्या नावाचेही तसेच होते.

दुसरा प्रकार मोबाइलवरील कर्जाच्या ॲपचा. पाच मिनिटांत पाच-दहा हजार मिळतात असे पाहून घरातील तरुण मुलगा असे ॲप उतरवून घेतो. ॲप घेताना ते दूरध्वनीतील नावांची यादी, छायाचित्रे आणि संदेश पाहण्याची परवानगी मागते आणि मुलगा घाईत ‘हो’ म्हणतो. कधी रक्कम अर्धवटच येते, कधी येतच नाही; परंतु आठवड्याच्या आत दुप्पट-तिप्पट मागणी सुरू होते. ती न भागविल्यास यादीतील मामा, मेहुणा, शाळेतील गुरुजी, दूध संघाचा सचिव अशा सर्वांना ‘हा इसम चोर आहे’ असे संदेश जातात. काही वेळा घरातील स्त्रियांची छायाचित्रे विद्रूप करून पाठविण्याची धमकी येते. येथे मूळ कर्जाचा थोडासा अंश खरा असला तरी वसुलीचा हा मार्ग गुन्ह्याचाच आहे, आणि ‘आपणच पैसे घेतले होते’ या भावनेने गप्प बसण्याचे काहीही कारण नाही.

त्याला इतकी माहिती कोठून मिळते?

पुष्कळ शेतकरी म्हणतात, “त्याला माझा गट नंबर ठाऊक होता, बँकेचे नाव ठाऊक होते, कर्जाचा आकडासुद्धा बरोबर होता, मग तो खोटा कसा?” ही शंका स्वाभाविक आहे, आणि तिचे उत्तर आपल्याच सातबाऱ्यात आहे. जमीन तारण देऊन कर्ज घेतले म्हणजे गाव नमुना सातवरील ‘इतर अधिकार’ या रकान्यात संस्थेचे नाव व बहुधा रक्कम यांसह बोजाची नोंद होते. विनास्वाक्षरीचा सातबारा शासनाच्या भूलेख संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. जमिनीच्या व्यवहारात फसवणूक होऊ नये म्हणून ही सोय केली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु जी माहिती सर्वांना खुली आहे, ती सांगणारा माणूस बँकेचाच असला पाहिजे असे मुळीच ठरत नाही.

याहून एक बारीक गोष्ट अशी की, कर्ज कधीच फिटलेले असते, पण बोजा उताऱ्यावर तसाच राहिलेला असतो. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी विहिरीसाठी काढलेले कर्ज, त्यांच्या पश्चात वारसांना त्याचा हिशेब ठाऊक नाही, आणि उताऱ्यावर भूविकास बँकेचे नाव मात्र झळकते आहे, असे उतारे अजूनही दिसतात. ज्याला स्वतःच्या खात्याची खात्री नाही, त्याला भिवविणे सर्वांत सोपे असते.

याखेरीज आधार कार्डाच्या छायाप्रती नको तेथे दिलेल्या असतात. व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाने आलेल्या एपीके फाइली उघडलेल्या असतात. पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या नावानेही अशा खोट्या फाइली महाराष्ट्रात फिरल्या आहेत. योजनेचे काम अशा फाइलीतून होत नसते. ती उघडल्यास मोबाइलमधील संदेश व त्याबरोबर बँकेचे ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतात.

खरी वसुली कशी असते

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने सावकाराकडे कागदाचा हिशेब मागण्याचा इतिहास मोठा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जे दंगे सुरू झाले, त्यांत लोकांचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. जे लिहिले होते ते वाचता येत नव्हते आणि जे फेडले होते त्याची पावती नव्हती, हे त्या संतापाचे मूळ होते. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो साहाय्य कायदा झाला, त्यात सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावे, अशी तरतूद आली. कायदे पुढे बदलले. महाराष्ट्रात सध्या २०१४ चा सावकारी नियमन अधिनियम लागू आहे व परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्याखाली गुन्हा आहे. पण ज्याचे येणे आहे त्याने ते कागदावर दाखवावे, हा त्यामागील पाया तोच राहिला आहे.

आजची खरी वसुली या पायावरच चालते. सहकारी संस्थेची थकबाकी असेल तर प्रथम मागणीची नोटीस येते. पुढे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ अन्वये निबंधकाकडे वसुलीच्या दाखल्यासाठी प्रकरण जाते आणि तेथे कर्जदारास आपले म्हणणे मांडता येते. दाखला मिळाल्यानंतरच जप्तीची गोष्ट निघते. बँकेला न्यायालयात जावे लागते. तारण मालमत्तेचा न्यायालयाबाहेर ताबा घेण्याचा जो २००२ चा सरफेसी कायदा आहे, तो शेतजमिनीच्या तारणास लागूच नाही. न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी शेतकऱ्याची अवजारे, त्याच्या उपजीविकेस आवश्यक असलेली जनावरे व बियाणे यांस दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीपासून संरक्षण दिले आहे. हे सर्व एका दुपारच्या चार वाजेपर्यंत उरकणारे काम नव्हे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

पोलिसांविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण भीती त्यांच्याच नावाची घातली जाते. कर्ज थकणे ही दिवाणी बाब आहे. पोलीस कर्जाची वसुली करीत नाहीत. केवळ दारिद्र्यामुळे देणे देता येत नाही म्हणून माणसास तुरुंगात टाकता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच दिलेला आहे. धनादेश न वटल्याचे प्रकरण निराळे. त्यास स्वतंत्र कायदा आहे, परंतु तेथेही आधी लेखी नोटीस व नंतर न्यायालयाचे समन्स, असाच क्रम असतो. चित्रफितीवरून गणवेशातील माणूस दाखवून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असे कोणी सांगू लागल्यास तशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही, हे पक्के समजावे. लोकअदालतीच्या नावाच्या नोटिसाही मोबाइलवर धाडल्या जातात. लोकअदालत ही आपसांत तडजोड घडविणारी व्यवस्था आहे. नोटीस खरी की खोटी हे तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात विचारता येते, आणि त्यासाठी वकील लावावा लागत नाही.

बँकांच्या वसुली प्रतिनिधींनाही रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातल्या आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर कर्जदारास दूरध्वनी करावयाचा नाही, शिवीगाळ वा धमकी द्यावयाची नाही, नातेवाईक व मित्र यांना त्रास द्यावयाचा नाही. बचत गटातील भगिनींना वित्तसंस्थांकडून मिळणारी विनातारण कर्जे बहुधा सूक्ष्म वित्ताच्या नियमांत बसतात. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीचे हे नियम मार्च २०२२ मध्ये निघाले. त्यांत ही वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी आहे, वसुली ठरलेल्या जागी व्हावी असे म्हटले आहे, आणि कर्जदारास समजेल अशा भाषेत नोंदी असलेले कर्जकार्ड देणे बंधनकारक केले आहे. ते कार्ड जिच्यापाशी नाही, तिने ते मागून घ्यावे. मोबाइलवरून दिलेल्या कर्जाच्या बाबतीत, वसुलीसाठी कोणता प्रतिनिधी नेमला हे त्याने संपर्क साधण्यापूर्वीच कर्जदारास कळविले पाहिजे. आणि हप्त्याची रक्कम कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातच जमा झाली पाहिजे, मधल्या कोणा इसमाच्या नव्हे. अशा ॲपांची यादी १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. यादीत नाव नसलेल्या ॲपला हातच लावू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यावरून मुख्य कसोटी निघते ती अशी. खऱ्या येण्याला कागद असतो, खाते असते, शाखा असते आणि तेथे बसलेला माणूस असतो. तोतयापाशी यांपैकी काहीच नसते. मग तो कर्ज वसूल करतो ते कोणत्या तारणावर? शेतकऱ्याच्या अब्रूवर. चार माणसांत नाव निघेल, सोयरिकीत कळेल, मुलीचे लग्न अडेल, ही जी धास्ती, तेवढेच त्याचे भांडवल होय.

दूरध्वनी आल्यावर

वाद घालू नये आणि गयावयाही करू नये. हो-नाही करीत राहिले की बोलणे लांबते आणि लांबलेल्या बोलण्यात आपल्याकडील माहिती जाते. आपल्या कर्जाचा, जामिनकीचा, शेताचा वा मुलाबाळांचा उल्लेख स्वतःहून मुळीच करू नये. शांतपणे एवढेच म्हणावे: “तुमचे पूर्ण नाव, शाखा आणि कर्जखात्याचा क्रमांक सांगा. जे काही असेल ते लेखी पाठवा. माझा पत्ता तुमच्या दप्तरी असेलच.” पत्ता आपण सांगू नये. एवढे बोलून दूरध्वनी ठेवावा. खरी संस्था असेल तर तिला यात अवघड काही नाही.

त्यानंतर क्रमांक, वेळ व बोललेले शब्द वहीत टिपावेत. मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असल्यास करावे. आलेले संदेश रागाने पुसून टाकण्याची अनेकांना सवय असते; ती टाळावी, कारण पोलिसांच्या दृष्टीने तोच पुरावा असतो. संदेशाचे छायाचित्र घेतले तरी मूळ संदेश मोबाइलमध्ये तसाच राहू द्यावा.

मग खात्री करून घ्यावी, आणि ती त्या माणसाने दिलेल्या क्रमांकावरून नव्हे. कर्ज सोसायटीचे असल्यास गटसचिवाकडे जाऊन खाते पाहावे व बाकीचा उतारा सही-शिक्क्यानिशी मागावा. बँकेचे असल्यास पासबुकावरील शाखेत स्वतः जावे. कधीच न घेतलेल्या कर्जाची मागणी येत असेल, तर आपल्या नावे कोणी परभारे कर्ज उचलले आहे काय, हेही पाहणे शहाणपणाचे ठरते. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपल्या नावाचा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चुकीची नोंद आढळल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

ओटीपी आणि पिन यांविषयी इतके लिहिले गेले आहे की पुन्हा लिहिण्याचा संकोच वाटतो. तरी एक सांगतो: ‘जादा भरलेली रक्कम परत करतो, पिन टाका’ असे कोणी म्हटले की समजावे, पैसे घेण्यास पिन लागत नाही, पैसे देण्यासच लागतो. तसेच ‘मी सांगतो ते ॲप घ्या म्हणजे तुमचे खाते दाखवितो’ असे म्हणणाऱ्यास आपल्या मोबाइलचा पडदा आपणच उघडून देत असतो. बँकांनी व्यवहाराच्या बोलण्यासाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरावेत असा आदेश २०२५ साली निघाला आहे. त्यामुळे दहा अंकी साध्या मोबाइलवरून आलेल्या ‘बँकेच्या’ दूरध्वनीविषयी शंका घेण्यास जागा आहेच.

कर्ज खरोखरच थकलेले असेल तर काय, असा प्रश्न येथे येतो, आणि तो टाळून चालणार नाही. तोतया खोटा निघाला म्हणून मूळ देणे संपत नाही. अशा शेतकऱ्याने आपण होऊन शाखेत किंवा सोसायटीत जावे, एकरकमी परतफेडीची योजना चालू आहे काय ते विचारावे, दुष्काळ जाहीर झाला असल्यास कर्जाचे पुनर्गठन होते काय ते पाहावे. रक्कम भरावी ती खात्यात किंवा खिडकीवर, पावती घेऊनच. एकदा शाखाधिकाऱ्याशी समोरासमोर बोलणे झाले की अनोळखी दूरध्वनीचा धाक बराच ओसरतो. आणि खऱ्याच बँकेचा प्रतिनिधी मर्यादा सोडून वागत असेल, तर प्रथम त्या बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. गावातील सोसायटीचे प्रकरण मात्र तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे न्यावे लागते, आणि विनापरवाना सावकाराविरुद्धची तक्रारही त्याच कार्यालयात घेतली जाते.

पैसे गेले असतील तर

येथे वेळ हीच मुख्य गोष्ट आहे. विचारविनिमयात, घरातील कुरबुरीत वा ‘उद्या तालुक्याला गेलो की बघू’ यात रात्र घालवू नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. कोणत्या खात्यातून, किती वाजता, किती रक्कम गेली आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक काय, एवढे हाताशी ठेवावे. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंत ते तेथेच गोठविता येतात. तोतये ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवितात, म्हणून प्रत्येक तास मोलाचा असतो. त्याच वेळी आपल्या बँकेसही कळवावे. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

पोलीस ठाण्यात जाताना शेतकरी बिचकतो, आणि ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाले तर परत फिरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, द्यावयाची मुभा आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीस कलम ३१८, तोतयेगिरीने फसविण्यास ३१९, लोकसेवकाचे सोंग घेण्यास २०४, खंडणीस ३०८ व धमकीस ३५१ अशी कलमे आहेत. शेतकऱ्याने ती पाठ करावयाची नाहीत. तक्रार अर्ज लिहिताना कार्यकर्त्याच्या हाताशी असावीत म्हणून दिली आहेत. पैसे गेले नसून केवळ दूरध्वनी आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षु’ या सोयीतून त्या क्रमांकाची माहिती देता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

तोतयाचे भांडवल अब्रूची भीती हे असल्यामुळे त्याचा पराभव एकट्या शेतकऱ्याकडून क्वचितच होतो. तो गावाकडून होतो. ‘मला असा दूरध्वनी आला होता’ असे एक माणूस पारावर मोकळेपणाने बोलला, की आणखी दोघे-तिघे ‘मलाही आला होता’ म्हणून पुढे येतात. अशा गावात पुढचा दूरध्वनी थट्टेचा विषय होतो. म्हणून कार्यकर्त्याने ग्रामसभेत, शेतीशाळेत किंवा दूध संकलनाच्या वेळी हा विषय काढावा. आणि काढताना ज्याची फसवणूक झाली त्याचे नाव घेऊ नये. शिकलेली माणसे, निवृत्त नोकरदारसुद्धा यात फसले आहेत, हे आवर्जून सांगावे. ‘एवढे कसे कळले नाही?’ हा प्रश्न फसलेल्या माणसास कोणीही विचारू नये. घरच्यांनी तर नाहीच.

बदनामीचा संदेश ज्यांना जातो, त्या शेजारी-नातेवाइकांना काय करावे हे सांगून ठेवणे हे याहूनही उपयोगी काम आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. असा संदेश आल्यास तो पुढे पाठवू नये. पाठविणाऱ्याचा क्रमांक टिपून संबंधित कुटुंबास शांतपणे कळवावे, आणि त्याच दिवशी त्यांच्या घरी एक चक्कर टाकावी. बदनामी होण्याऐवजी माणसे घरी येऊ लागली, तर धमकीत काही दम उरत नाही.

ज्या घरात आधीच नापिकी आहे, आजारपण आहे वा मुलीच्या लग्नाचे देणे आहे, तेथे अशा दूरध्वनीकडे अधिक गंभीरपणे पाहावे. माणूस बोलेनासा झाला, जेवणावरची इच्छा उडाली, मोबाइल वाजला की दचकू लागला, ‘माझ्यामुळे सर्वांना त्रास’ असे म्हणू लागला, तर त्यास एकटे सोडू नये. मोबाइल काही दिवस घरातील दुसऱ्या कोणापाशी ठेवावा, म्हणजे धमक्या त्याच्या कानी पडणार नाहीत. मनावरील ताणासाठी टेलि-मानस हा १४४१६ क्रमांक शासनाने चालविला असून तो विनामूल्य आहे व तेथे मराठीतून बोलता येते. तातडीचे संकट दिसल्यास ११२ वर कळवावे. तालुक्याला सोबत जावयाचे असेल तर कार्यकर्त्याने दौऱ्यातील दुसरे काम मागे ठेवून जावे; त्या दिवशी एक शिवारफेरी कमी झाली तरी चालेल.

उताऱ्यावरील जुन्या बोजांचे काम पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत करण्यासारखे आहे. कर्ज फिटले असेल त्याने संस्थेकडून बेबाकीचा दाखला, ज्यास बोलीत निल दाखला म्हणतात, तो घ्यावा आणि बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठी कार्यालयात द्यावा. ई-हक्क प्रणालीतूनही हा अर्ज करता येतो. मूळ संस्था बंद पडली असल्यास तिचे दप्तर कोणाकडे आहे ते सहायक निबंधक कार्यालयात विचारावे. वडील वारल्यावर ज्यांनी वारसनोंद केली पण बोजाची चौकशी केली नाही, अशी खाती आधी हाती घ्यावीत. गटसचिव, तलाठी आणि कार्यकर्ता हे तिघे गावाच्या उताऱ्यांसह एक दिवस एकत्र बसले, तर कोणाचे कर्ज खरे, किती बाकी आणि कोणाचा बोजा केवळ कागदावर उरला आहे, याची यादी संध्याकाळपर्यंत तयार होऊ शकते. तिची एक प्रत सोसायटीत ठेवावी, आणि ज्याच्या त्याच्या खात्याचा आकडा ज्याच्या त्याच्या हाती लिहून द्यावा.